बाकी आठ

जुबैलला, पंप-हाउस क्रमांक चारच्या मागे,
जिथे समुद्र पाइपात शिरताना एकदाच गुरगुरतो,
एक जर्मन यंत्र आहे, नोकरीत माझ्याहून जुनं.
पाण्यातलं मीठ मोजतं
आणि कुणाला सांगत नाही.

म्हणजे सांगतं. रात्रंदिवस सांगतं.
ऐकणारा जुना संगणक गेल्या आठवड्यात जळाला
आणि नव्याला त्याचं बोलणं उमगेना.
पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं,
डोक्यावर दोन टिंबं घेतलेला वाय,
पुन्हा वाय, पुन्हा वाय.

रोडेल म्हणाला, केबल बदल. बदलली.
मिशारी म्हणाला, यंत्रच बदलू.
कोवळं पोर, त्याच्याकडे बजेट आहे.
मी म्हटलं, थांबा, हे बोबडं नाही.
याची चाल वेगळी आहे.

वेगांच्या यादीत शहाण्णवशे आहे,
त्याच्या खाली थेट एकोणीस हजार दोनशे.
मधे काही नाही.
मधे कुणी राहत असेल
असं यादी करणाऱ्याला वाटलंच नाही.

लॅबमधून ऑसिलोस्कोप उसना आणला.
हिरव्या रेघेवर एक ठोका धरला, मोजला:
शहाण्णव मायक्रोसेकंद.
तळहातावर पेनाने उलटा भागाकार.
घामाने शाई पसरायच्या आत वाचलं,
दहा हजार चारशे आणि वर थोडं.

का, ते सांगायला कोणी नाही. कंपनी बुडाली.
कुणा इंजिनिअरला खणात जो स्फटिक सापडला
तो त्याने लावला असेल आणि जेवायला गेला असेल.

आता आमच्या बाजूचं गणित.
एक लाख पंधरा हजार दोनशेला अकराने भागायचं.
दहा हजार चारशे बहात्तर,
बाकी आठ.
पाऊण टक्क्याच्या आत चूक. चालते.
प्रत्येक अक्षराला दोघंही नव्याने मोजू लागतात,
तेवढ्यात एकमेकांपासून
फार लांब जात नाहीत.

पण या जुन्या लिनक्समध्ये ही गोष्ट
उघड मागता येत नाही.
कागदोपत्री मागायचे अडतीस हजार चारशे
आणि आतल्या आत अकरा बसवायचा.
मग कुणीही विचारलं तरी पोर्ट सांगतो,
अडतीस हजार चारशे.
अगदी तोंड वर करून सांगतो.

मला एकट्यालाच हसू आलं.
माझ्या इकाम्यावर पेशा आहे: नज्जार. सुतार.
एजंटकडे त्या वर्षी सुतारांचेच व्हिसे उरले होते.
लोट्याच्या एमआयडीसीत नऊ वर्षं मी
प्रेशर गेजांच्या काट्यांना वळण लावलं,
रंधा कुठल्या हाताने धरतात, देव जाणे.
नावसुद्धा, वामन पाष्टे गेलं अरबीत,
परत आलं ते फामन बाश्ती होऊन.
चौकीवर तोंडावर बॅटरी मारतात,
विचारतात, नज्जार?
मी म्हणतो, नज्जार.
आतल्या आत अकरा.

पहाटे साडेतीनला एंटर दाबलं.
वाय गेले.
बेचाळीस पूर्णांक तीन.
बेचाळीस पूर्णांक तीन.
बेचाळीस पूर्णांक चार.
रोडेलने क्रूस केला, मग कॉफी केली.
मिशारी बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला,
जसं काही समुद्र पहिल्यांदाच बघतोय.

नोंदवहीत वेगाचा रकाना होता.
संगणक म्हणतो तेच लिहिलं, अडतीस हजार चारशे.
खाली पेन्सिलीने, मराठीत:
खरं म्हणजे अकराने भाग. बाकी आठ.
माझ्यानंतर येणाऱ्याला वाचता येईल की नाही,
ठाऊक नाही.

एक राहिलं होतं.
कनेक्टरचे दोन्ही स्क्रू खाऱ्या हवेने खाल्लेले,
पंप सुरू झाला की तो हळूहळू बाहेर सरकायचा.
मोडक्या पॅलेटची एक ढलपी उचलली,
कानशीने घासली, फुंकली, पुन्हा घासली,
आणि पाचर ठोकली.
घट्ट बसली.

आठ वर्षांतलं माझं हे पहिलं सुतारकाम.